संस्थेची वर्डप्रेस साइट गळ्यात पडलीय? मग हे वाचून घ्या

वाचनालय असो, गणेश मंडळ असो, शाळा नाहीतर सोसायटी, ज्याला कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळतं त्याच्या गळ्यात कधी ना कधी संस्थेची वेबसाइट पडतेच. ती कोणीतरी आधीच बनवलेली असते, बनवणारा पुण्या-मुंबईला निघून गेलेला असतो आणि होमपेजवर तीन वर्षांपूर्वीच्या व्याख्यानमालेचं निमंत्रण अजून झळकत असतं. माझ्याकडे असं एक वाचनालयाचं काम आलं, मग ओळखीतून अजून एकदोन संस्थांचं आलं, आणि दरवेळी घोडं त्याच त्याच ठिकाणी पेंड खातं हे लक्षात आलं. वर्डप्रेस, म्हणजे साइट बनवायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर, शिकणं अवघड नाहीये, युट्यूबवर ढिगाने व्हिडिओ पडलेत. अडतं ते चाव्या कोणाकडे आहेत इथे, आणि दुसरं म्हणजे मराठी मजकुरासाठी ज्या सेटिंग लागतात त्या त्या व्हिडिओवाल्यांना माहीतच नसतात. म्हणून त्या दोन गोष्टींवर जास्त लिहितोय, बाकीचं थोडक्यात.

एक आधीच सांगतो, इथलं सगळं स्वतःच्या होस्टिंगवर (साइट ठेवायला भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवरच्या जागेवर) टाकलेल्या वर्डप्रेसबद्दल आहे, म्हणजे वर्डप्रेस डॉट ऑर्गवालं, जे २००३ पासून फुकट मिळतंय. वर्डप्रेस डॉट कॉम ही वेगळी सेवा आहे, तिथे होस्टिंग तेच सांभाळतात आणि प्लॅन स्वस्तातला असेल तर खालच्यातल्या बऱ्याच गोष्टी तुमच्या हातात नसतात.

सुरुवात करण्याआधी हे जमवा:

- डोमेन (साइटचा इंटरनेटवरचा पत्ता) जिथून घेतलं तिथला लॉगिन
- होस्टिंगच्या पॅनेलचा लॉगिन
- वर्डप्रेसचा अ‍ॅडमिन लॉगिन (एडिटर वगैरे चालणार नाही, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच पाहिजे)
- वरच्या तिन्हींना कुठला ईमेल आणि कुठला मोबाइल जोडलाय त्याची माहिती
- डोमेन आणि होस्टिंगची शेवटची बिलं
- संस्थेच्या नावाचा एक वेगळा ईमेल, कोणाचा खासगी नको

१. आधी डोमेन कोणाच्या नावावर आहे ते बघा

डोमेन म्हणजे जागेचा सातबारा. त्यावर नाव ज्याचं, साइट त्याची, मग पैसे संस्थेने भरलेले असोत का आणखी कोणी. बऱ्याचदा बनवणाऱ्याने सोयीसाठी स्वतःच्याच खात्यातून डोमेन घेतलेलं असतं, त्यात त्याचं वाईट मनात असतं असंही नाही, पण उद्या तो नंबर बदलतो, मेल बघत नाही, रिन्यूअलची सूचना त्यालाच जाते आणि इकडे एक दिवस साइट बंद. मुदत संपून डोमेन सुटलं की ते कोणीही उचलू शकतं, आणि उचलणारा बहुतेक वेळा तिथे जुगाराच्या जाहिराती लावतो, संस्थेच्या नावावर.

तेव्हा गोडीगुलाबीने त्या माणसाला फोन करा. दोनपैकी एक मागा: त्याच कंपनीत संस्थेचं खातं उघडून डोमेन त्यात सरकवणं, हे सगळ्यात सोपं, किंवा दुसऱ्या कंपनीत न्यायचं असेल तर ट्रान्सफर कोड, म्हणजे डोमेन हलवायला लागणारा पासवर्डसारखा संकेत. मुदत अगदी आठवड्यावर आली असेल तर आधी रिन्यू करा आणि मग हलवाहलवी, उलटं नको. रिन्यू करताना जमलं तर तीन-चार वर्षांचं एकदम करून टाका, कार्यकारिणी बदलली तरी डोमेन टिकतं.

होस्टिंगचं वेगळं. तिथे पहिल्या वर्षाचा भाव बघून भुलायचं नाही, रिन्यूअलचा भाव कितीतरी जास्त असतो आणि तो बारीक अक्षरात लिहिलेला असतो. खजिनदारांना तो आकडा आधीच सांगून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी मीटिंगमध्ये तुम्हालाच विचारतात की बिल एवढं कसं वाढलं.

२. अ‍ॅडमिनचा ईमेल बदला, आजच

सेटिंग्जमध्ये जनरल उघडा, तिथे अ‍ॅडमिनिस्ट्रेशन ईमेल अ‍ॅड्रेस असतो. तिथे हमखास जुन्या डेव्हलपरचा मेल सापडेल. तो बदलून संस्थेचा टाका. नव्या मेलवर एक लिंक येते, ती दाबल्याशिवाय बदल लागू होत नाही.

आता हा मेल आलाच नाही तर? तर समजायचं की साइटवरून मेलच जात नाहीयेत. वर्डप्रेस डिफॉल्टने सर्व्हरच्या साध्या पद्धतीने मेल पाठवतं आणि असे मेल बरेचदा स्पॅममध्ये जातात किंवा पोचतच नाहीत. एसएमटीपीचं (मेल रीतसर मेलबॉक्समार्फत पाठवायची पद्धत) एखादं प्लगइन, म्हणजे वर्डप्रेसला वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, टाकून संस्थेच्या मेलबॉक्सशी जोडा. याच कारणाने 'संपर्क' पानावरचा फॉर्मसुद्धा वर्षानुवर्षं मुका असतो, लोक भरतात आणि कोणालाच मिळत नाही. स्वतः एकदा भरून बघा.

या मेलला एवढं महत्त्व का, ते शेवटच्या पायरीत कळेल.

३. चार सेटिंग, ज्या कोणी बघत नाही

टाइमझोन: बहुतेक साइटवर तो यूटीसी प्लस शून्यच, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, राहिलेला असतो. म्हणजे सकाळी ९ ला लावलेली पोस्ट दुपारी अडीचला दिसणार. यादीत कोलकाता निवडा. पोस्ट शेड्यूल करत असाल तर हेही माहीत असू द्या की वर्डप्रेसचं घड्याळ कोणीतरी साइटवर आल्याशिवाय चालत नाही, त्यामुळे कमी वर्दळीच्या साइटवर पहाटे सहाची पोस्ट पहिला माणूस येईपर्यंत तशीच पडून राहते.

भाषा: साइट लँग्वेज मराठी करा. त्याने तारखा, महिने, 'पुढील पान' वगैरे मराठीत येतं आणि ब्राउझरला कळतं की पान मराठी आहे, मग ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श मराठी वळणाचे दिसतात, हिंदी वळणाचे नाही. पण स्वतःच्या प्रोफाइलमध्ये जाऊन तुमच्यापुरती भाषा इंग्रजी ठेवा. सगळी मदत इंग्रजी मेन्यूच्या नावांनी असते, 'सेटिंग्जमध्ये परमालिंक उघडा' म्हटल्यावर मराठी मेन्यूत ते शोधत बसाल.

सर्च इंजिनचा चौकोन: सेटिंग्जमध्ये रीडिंग उघडा, खाली सर्च इंजिनांना परावृत्त करा अशा अर्थाचा एक चौकोन आहे. साइट बनत असताना त्यावर टिक करतात आणि नंतर काढायची विसरतात. 'आमची साइट गूगलवर येतच नाही' या तक्रारीत मी पहिलं हेच बघतो.

परमालिंक (पोस्टच्या लिंकेचा साचा): पोस्ट नेम निवडा. पण साइट जुनी असेल आणि लिंका लोकांकडे फिरत असतील तर उगाच हात लावू नका.

४. मराठीची खास डोकेदुखी

इथे जरा थांबा, कारण हे सहसा कोणी सांगत नाही.

पहिली गोष्ट लिंक. तुम्ही शीर्षक दिलं 'वाचनालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना' आणि पोस्ट टाकली. वर्डप्रेस त्यावरून लिंक बनवतं. लिंकेत देवनागरीचं एकेक चिन्ह, म्हणजे अक्षर वेगळं, काना वेगळा, हलन्त वेगळा, टक्के आणि आकड्यांच्या रूपात नऊ-नऊ जागा खातं, आणि वर्डप्रेस लिंकेच्या या भागाला २०० जागाच देतं. म्हणजे जेमतेम बावीस चिन्हं. वरच्या शीर्षकाची लिंक 'वाचनालयाच्या-वार्षिक-सर्' इथे तुटते. सर् म्हणजे काय ते देव जाणे. पुढच्या महिन्यात 'वाचनालयाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेचा वृत्तांत' टाकला की त्याचीही तीच लिंक, फक्त मागे दोनचा आकडा लागून येते. शिवाय ती व्हॉट्सअ‍ॅपवर कॉपी केली की टक्क्याटक्क्यांची चार ओळींची माळ उमटते आणि ग्रुपवरचे काका 'हा व्हायरस आहे का' विचारतात.

उपाय एकच, पब्लिश करण्याआधी उजवीकडे स्लग नावाचा रकाना असतो तिथे इंग्रजी अक्षरांत छोटं नाव टाइप करा, varshik-sabha आणि वर्ष, बस. शीर्षक मराठीच राहतं. आधीच पब्लिश झालेल्या पोस्टचा स्लग बदलला तर जुन्या लिंकवरून वर्डप्रेस स्वतःच नव्या जागी पाठवतं, पण पेजच्या बाबतीत तसं करत नाही, तिथे रिडायरेक्टचं प्लगइन लागेल.

दुसरी गोष्ट जुने फॉन्ट. स्मरणिका, अहवाल, निमंत्रणं ही सगळी डीटीपीवाल्याकडे श्रीलिपी नाहीतर आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये केलेली असतात. त्यातून कॉपी करून साइटवर पेस्ट केलं की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. तो फॉन्ट साइटवर चढवून वेळ मारून नेणारेही आहेत, पण मग गूगलला त्यात मराठी दिसत नाही, कोणाला शोधता येत नाही आणि मोबाइलवर बोंब. डीटीपीवाल्याकडून मजकूर युनिकोडमध्येच (कुठल्याही फोनवर, कॉम्प्युटरवर वाचता येणारं मराठी टायपिंग) मागा. जुना असेल तर कन्व्हर्टर मिळतात, पण त्यातून काढल्यावर प्रूफ वाचलंच पाहिजे. रफार एक अक्षर पुढेमागे सरकतो, 'ऱ्या' मोडतो ('सुऱ्या'च्या 'सुर्‍या', म्हणजे दिसायला तेच पण आतला कोड वेगळा, नाहीतर सरळ 'सुर्या' होतात), आणि देणगीदारांच्या यादीत आडनाव चुकलं की फोन येतोच.

तिसरी गोष्ट दिसणं. थीम (साइटच्या दिसण्याचे तयार साचे) बहुतेक इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या असतात. शीर्षकाच्या दोन ओळींत अंतर इतकं कमी असतं की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर बसतात. लाइन हाइट दीड किंवा थोडी जास्त करा. आणि लेटर स्पेसिंग शून्यच ठेवा, अक्षरांत अंतर टाकलं की शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे पडतात, बऱ्याच मराठी साइटच्या बॅनरवर हे बघायला मिळतं. फॉन्टसाठी मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, दोन्ही गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. एका साइटवर दोनापेक्षा जास्त फॉन्ट घेऊ नका, देवनागरी फॉन्टच्या फाइली जड असतात.

५. पोस्ट की पेज

थोडक्यात: जे शिळं होतं ती पोस्ट (कार्यक्रम, सूचना, वृत्तांत), जे वर्षभर तसंच राहतं ते पेज (इतिहास, वेळा, सभासद फी, संपर्क). पेज टाकून मेन्यूत दिसलं नाही तर घाबरू नका, मेन्यूत ते बहुतेक वेळा वेगळं जोडावं लागतं. कॅटेगरी पाच-सहाच ठेवा.

सूचना टाकताना मात्र एक कळकळीची विनंती, लेटरहेडचा मोबाइलने काढलेला फोटो टाकून मोकळे होऊ नका. फोनवर तो वाचायला बोटांनी ताणावा लागतो, अंध वाचकांच्या स्क्रीन रीडरला त्यात काहीच सापडत नाही आणि सर्चमध्येही नीट येत नाही. मजकूर टाइप करा, खाली सहीशिक्क्याची पीडीएफ जोडा.

६. फोटो

कार्यक्रम झाला की ग्रुपवर साठ फोटो येतात आणि अध्यक्ष म्हणतात सगळे टाका. नका टाकू. आठ-दहा निवडा. वर्डप्रेस एका फोटोच्या लहानमोठ्या सहा-सात प्रती बनवून ठेवतं, आणि २५६० पिक्सेलपेक्षा मोठा असेल तर छोटी आवृत्ती वापरून मूळ फाइलही तशीच सांभाळून ठेवतं, त्यामुळे स्वस्तातल्या होस्टिंगची जागा बघता बघता भरते. आधीच १६०० पिक्सेल रुंदीला आणून चढवा.

फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत, मध्ये स्पेस न देता. देवनागरी नावाच्या फाइली चढतात, पण होस्टिंग बदलताना काही सर्व्हरवर नावं बिघडतात आणि फोटो गायब. ऑल्ट टेक्स्टमध्ये (फोटो दिसत नसेल तर वाचला जाणारा मजकूर) मात्र मराठीत एक वाक्य लिहा, फोटोत काय चाललंय ते.

आणि एक सापळा: पोस्ट डिलीट केली तर ती कचरापेटीत ३० दिवस राहते, परत आणता येते. मीडिया लायब्ररीतला फोटो डिलीट केला की गेला, तिथे कचरापेटी नाही. जागा रिकामी करायच्या नादात जुने फोटो उडवलेत तर ज्या ज्या पोस्टमध्ये ते होते तिथे भोकं पडतात.

७. प्लगइन आणि थीम

जुन्या साइटवर वीस-तीस प्लगइन सापडतील. प्रत्येकासमोर 'हे काय करतं' लिहा, उत्तर सापडत नसेल तर आधी बंद करा, आठवडाभर बघा, मग काढा. बंद ठेवलेलं प्लगइनही सर्व्हरवर असतंच, त्यातल्या भोकातूनही कोणी शिरू शकतं. नवीन घेताना शेवटचं अपडेट कधीचं ते बघा.

पैशाची थीम किंवा प्रो प्लगइन टेलिग्रामवर फुकट मिळतंय म्हणून कोणी फाइल दिली तर हात जोडा. अशांमध्ये बरेचदा मागच्या दाराचा, म्हणजे परस्पर आत शिरायचा, कोड घातलेला असतो. मग एक दिवस गूगलवर संस्थेचं नाव शोधलं की खाली जपानी अक्षरांत बॅगा आणि घड्याळांच्या जाहिराती दिसतात, साइट उघडली तर सगळं नेहमीसारखं, आणि कोणाला पत्ताच नसतो.

थीमच्या फाइलमध्ये थेट बदल करू नका, अपडेट आलं की पुसले जातात. छोटे बदल, वरचा लाइन हाइटचा वगैरे, अ‍ॅडिशनल सीएसएसमध्ये (दिसणं बदलायच्या ओळी लिहायची जागा) करा. मोठे असतील तर चाइल्ड थीम, म्हणजे मूळ थीमवर बसणारी तुमच्या बदलांपुरती वेगळी थीम.

८. बॅकअप, मग अपडेट, या क्रमाने

वर्डप्रेसचे दोन भाग असतात, फाइली आणि डेटाबेस. लेखांचा मजकूर डेटाबेसमध्ये, फोटो फाइलींमध्ये. एकाचाच बॅकअप घेतला तर अर्धीच साइट परत येते. अपड्राफ्टप्लसच्या फुकट आवृत्तीत दोन्हींचा बॅकअप वेळापत्रक लावून गूगल ड्राइव्हवर जातो, तो संस्थेच्या ड्राइव्हवर जाऊ द्या. होस्टिंगवरच ठेवलेला बॅकअप होस्टिंगबरोबरच जातो. आणि कधीतरी एका सबडोमेनवर (मुख्य पत्त्याला जोडलेल्या वेगळ्या पत्त्यावर) तो उघडून बघा.

अपडेट महिनोन्महिने साठवू नका. बॅकअप घ्या, प्लगइन एकेक करून अपडेट करा, मधे मधे साइट उघडून बघा, मग थीम, मग वर्डप्रेस. सगळे एकदम टिक करून दाबलं आणि काही मोडलं तर कशाने मोडलं ते कळत नाही. टूल्समध्ये साइट हेल्थ आहे तिथे पीएचपीची (वर्डप्रेस ज्या भाषेत चालतं ती) आवृत्ती जुनी आहे का ते दिसतं, ती होस्टिंगच्या पॅनेलमधून बदलायची असते. बदल केला आणि दिसत नाहीये, तर आधी कॅश प्लगइनमधून कॅश, म्हणजे साठवून ठेवलेल्या पानांच्या जुन्या प्रती, पुसा आणि इनकॉग्निटोत बघा, अर्ध्या वेळा तेवढंच असतं.

९. बाकीच्यांना लॉगिन देताना

सगळ्यांना एकच अ‍ॅडमिन पासवर्ड वाटायची पद्धत बंद करा. सचिवांना एडिटर, लिहिणाऱ्यांना ऑथर. काँट्रिब्युटर दिलंत तर तो लिहील पण फोटो चढवू शकणार नाही आणि पब्लिशही करू शकणार नाही, काही ठिकाणी हेच बरं असतं.

जुन्या डेव्हलपरचं खातं काढताना सावकाश. डिलीट दाबल्यावर वर्डप्रेस विचारतं की याच्या नावावरच्या मजकुराचं काय करू, सगळा उडवू का दुसऱ्याच्या नावावर करू. दुसराच पर्याय निवडा. संस्थेच्या सगळ्या पोस्ट त्याच्याच नावावर असतात, घाईत पहिला दाबला तर साइट रिकामी.

१०. साइट पांढरी पडली तर

हे होणार, बहुतेक अपडेटनंतरच. पानावर काहीच नाही किंवा 'क्रिटिकल एरर' असं येतं. आधी मेल बघा. २०१९ पासून वर्डप्रेस अशा वेळी अ‍ॅडमिन ईमेलवर एक पत्र पाठवतं, त्यात कुठल्या प्लगइनने घोळ केला ते असतं आणि रिकव्हरी मोडची लिंक असते, तिच्यावरून आत जाऊन ते प्लगइन बंद करता येतं. हा मेल जुन्या डेव्हलपरकडे गेला तर काय उपयोग, म्हणून वरची दुसरी पायरी.

मेल नसेल तर होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमध्ये जा, डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डर उघडा, आत प्लगइन्स नावाचा फोल्डर आहे त्याचं नाव बदला, मागे काहीही जोडा. आता अ‍ॅडमिनमध्ये जाऊन प्लगइनचं पान एकदा उघडा, सगळी एका दमात बंद होतात. फोल्डरचं नाव पूर्ववत करा आणि एकेक चालू करत जा, ज्याच्यावर परत पडेल तो दोषी. त्यानेही नाही झालं तर थीम बदलून बघा, आणि तरीही नाही तर होस्टिंगच्या सपोर्टला लिहा. लिहिताना 'साइट चालत नाही, अर्जंट' एवढंच नको. किती वाजता बंद पडली, त्याआधी काय अपडेट केलं आणि एरर लॉगमधली शेवटची ओळ द्या. कुठल्या तारखेच्या बॅकअपवर परत जायला तुमची तयारी आहे तेही त्याच मेलमध्ये लिहा, म्हणजे पलीकडचा माणूस चार प्रश्न विचारण्यात दिवस घालवत नाही.